सुट्ट्यांची यादी लावण्याआधी आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचा

महापेच्या एमआयडीसीत औषधांचा साठा ठेवून वितरण करणारी चाळीसएक माणसांची एक कंपनी आहे. तिथे हिशेब आणि हजेरी अशी दोन्ही कामे सांभाळणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. मालकांनी त्यांना सांगितले, "शासनाची चोवीस सुट्ट्यांची यादी काढ आणि पुढच्या वर्षासाठी बोर्डावर लाव." ताई राहतात खारघरला, मुलाची शाळाही तिथलीच, मिस्टरांचे ऑफिस मुलुंडला. गणपती आणि ईदच्या दिवसांत घरातल्या तिघांना तीन वेगवेगळ्या दिवशी सुट्ट्या पडल्या, तेव्हापासून त्या गोंधळल्या आहेत. चोवीसच्या चोवीस सुट्ट्या द्याव्याच लागतात का, स्थानिक सुट्टी कोणत्या जिल्ह्याची धरायची आणि सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले तर पैसे कसे द्यायचे, एवढे त्यांना हवे आहे.

ताई, मी ठाण्यात बसून सव्वीस वर्षे पगारपत्रके आणि कामगार कायद्याचे काम करतो. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत अनेक छोट्या कंपन्यांच्या सुट्ट्यांच्या याद्या माझ्या हातून गेल्या आहेत. या कामात चूक होते ती बहुतेक एकाच कारणाने. आपण आदेशातला तक्ता वाचतो, तारखा उतरवून घेतो आणि तक्त्याखालचा मजकूर सोडून देतो. सुट्टी कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे त्या खालच्या दोन-चार ओळींतच लिहिलेले असते.

आधी ती चोवीसची यादी. ती दरवर्षी सामान्य प्रशासन विभाग काढतो आणि तिच्यात परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 चा उल्लेख असतो. हा कायदा आहे चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठीचा. त्यातून दसऱ्याची सुट्टी कशी काय निघते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे कारण असे की, हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे, हे त्या कायद्याला ठरवावे लागले. कलम 25 सांगते की ती रक्कम सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी देय झाली असे समजायचे. नंतरच्या नव्हे, आधीच्या. तुम्ही हिशेब पाहता म्हणून हे मुद्दाम सांगतो. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात कागद दाखल करायची शेवटची तारीख सुट्टीवर आली, तर साधारणपणे पुढच्या कामाच्या दिवशी दाखल केलेले चालते. ती सवय इथे लावली की घोटाळा होतो.

तर मुदत मोजायची म्हणजे सार्वजनिक सुट्टी कोणती हे ठरवणे आले. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात रविवार आणि केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेले दिवस, असे दिले आहे. जाहीर करण्याचा हा अधिकार केंद्राच्या गृह मंत्रालयाने 8 मे 1968 च्या अधिसूचनेने राज्यांकडे सोपवला. आपल्या राज्याच्या यादीत त्या अधिसूचनेचा क्रमांक आजही छापलेला असतो. सरकारी कार्यालये आणि बँका या यादीने बंद राहतात. खासगी कंपनीला मात्र ती आपोआप लागू होत नाही. मालकांना तुम्ही हे निर्धास्तपणे सांगू शकता.

चोवीस हा आकडाही फसवा आहे. 2025 ची यादी घ्या. नोंदी चोवीस होत्या, पण 15 ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष एकत्र आले आणि 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा. म्हणजे तारखा उरल्या बावीस. त्यात प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चार रविवारी होते आणि बकरी ईद 7 जूनला शनिवारी. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे त्यांच्या हाती या यादीतून प्रत्यक्ष सतरा दिवस पडले. रविवारी गेलेल्या सुट्टीची बदली सरकारही देत नाही. "सरकारी लोकांना चोवीस सुट्ट्या आणि आम्हाला आठ" असे कुणी म्हणाले की मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो. तरीही फरक उरतोच, पण वाटतो तेवढा नाही.

आता तक्त्याखालच्या ओळी. 1 एप्रिलची सुट्टी बँकांना वार्षिक हिशेबासाठी असते आणि ती फक्त बँकांपुरती, असे तिथेच लिहिलेले असते. तरी एका कंपनीच्या बोर्डावर मी ती सगळ्यांसाठी लागलेली पाहिली आहे. भाऊबीजेचे उलटे आहे. 2025 ला त्या मूळ चोवीसमध्ये भाऊबीज नव्हती, राज्य शासनाने आपल्या कार्यालयांसाठी वेगळ्या आदेशाने जादा सुट्टी दिली. त्यामुळे मंत्रालय बंद आणि बँक उघडी, असा दिवस येऊ शकतो. त्या दिवशी बँकेच्या दारात जाऊन कुणाला आश्चर्य वाटायला नको.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. बँक बंद म्हणजे पैसे हलत नाहीत, हे आता राहिलेले नाही. खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी नाच (NACH) ही यंत्रणा 1 ऑगस्ट 2021 पासून सगळे दिवस चालते. कर्जाचा हप्ता रविवारी, सणाला, कधीही खात्यातून जातो. 5 तारखेला सुट्टी आहे म्हणून पगार 6 ला टाकला आणि पोरांचे हप्ते 5 लाच परत गेले, वर बँकेचा दंड बसला, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पगाराची तारीख सुट्टीवर येत असेल तर पगार आदल्या दिवशी करा.

तुमच्या कंपनीवर खरे बंधन आहे ते दुसऱ्याच कायद्याचे. तुमचे गोदाम आणि ऑफिस आहे, कारखान्याचा परवाना नाही, म्हणून तुम्हाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू होतो. त्यात प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सण-सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. आठ दिवसांची किरकोळ रजा या आठांच्या वेगळी आहे, ती यात मिसळू नका. शेजारी एखादा कारखाना असेल तर त्याचे गणित निराळे असते. तिथे सण-सुट्ट्या बहुतेक स्थायी आदेशांवर (म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवा-नियमांवर) आणि युनियनच्या करारावर चालतात, त्यामुळे त्यांची यादी बघून तुमची करू नका.

आठापेक्षा जास्त सुट्ट्या दिल्या तर उत्तमच. दहा-बारा देणाऱ्या कंपन्या आपल्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. आठाच्या खाली मात्र जाता येत नाही.

त्या चार सुट्ट्यांबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. कायद्यात शब्द आहेत "आपसात ठरवून". प्रत्यक्षात मालक किंवा त्यांचा हिशेबनीस संध्याकाळी पाच मिनिटांत चार तारखा टाकतो, आणि त्या नेहमी त्याच असतात: गणपती, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस. हे सण मोठे आहेतच. पण तुमच्या गोदामात कोण कोण काम करते ते एकदा बघा.

रबाळ्याच्या एका गोदामात आम्ही काही वर्षांपूर्वी नीट पद्धत लावली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर एक मोठा कागद ठेवला. वर चार ठरलेल्या सुट्ट्या लिहिल्या, खाली पंधरा सणांची नावे, आणि प्रत्येकाने चार खुणा करायच्या. गाडी भरणारा एक मामा होता, घणसोली गावातला, आगरी माणूस. त्याने डबा बाजूला सारला, हात पुसले, कागद दोनदा वर-खाली वाचला आणि विचारले, "नारलीपुनव कुठं हाय यात?" आम्ही पंधरा नावे लिहिली, त्यात नारळी पौर्णिमा नव्हती. खाडीकाठच्या गावांत बसून आम्ही ती यादी केली होती! मी तिथल्या तिथे पेनाने सोळावे नाव लिहिले. त्याच्यामागे बिहारचे दोघे उभे होते, त्यांनी छठ लिहायला सांगितली. मुंब्र्याहून येणारे चौघे होते, त्यांनी दोन्ही ईद मागितल्या. पॅकिंगच्या बायकांना गौरीचा दिवस हवा होता, गणपतीच्या दिवसापेक्षाही.

मग जमले ते असे. ज्या दोन सणांना सर्वांत जास्त खुणा होत्या ते दोन दिवस अख्ख्या गोदामाला. उरलेल्या दोन सुट्ट्या ज्याने त्याने आपल्या सणाला घ्यायच्या, पण कोणत्या ते डिसेंबरातच लिहून सही करायची. त्याच्या जागी कोण येणार हे मुकादमाने तेव्हाच ठरवायचे. छठला इतरांनी काम ओढले, गौरींना बिहारच्या पोरांनी. त्या वर्षी सणाच्या दिवसांतले न सांगता पडणारे खाडे जवळजवळ बंद झाले, कारण माणसाला खोटे कारण सांगायची गरजच उरली नाही. सह्यांचा तो कागद जपून ठेवा. निरीक्षकांनी विचारले तर ठरवल्याचा पुरावा तोच.

आता तुमच्या घरातला गोंधळ. जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या जिल्ह्यापुरत्या वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. त्या आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात जवळपास ठरलेले वाक्य असते की, हा आदेश जिल्ह्यातील दिवाणी व फौजदारी न्यायालये, केंद्र शासनाची कार्यालये आणि बँका यांना लागू होणार नाही. बँका तिथे "अधिकोष" म्हणून लिहिलेल्या असतात, शब्द ओळखून ठेवा.

आणि जिल्हा कोणता, याकडे आपण लक्षच देत नाही. नवी मुंबई म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे ऐरोलीपासून पनवेलपर्यंत सलग शहर असते. पण बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आहे आणि हार्बर लाइनवर पुढचेच स्टेशन असलेले तुमचे खारघर रायगड जिल्ह्यात. कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे सगळे रायगडात. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात, आणि ऐरोलीचा पूल ओलांडला की पुन्हा ठाणे. तुमच्या घरातली तीन माणसे रोज तीन जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत असतात. मुलाच्या शाळेने रायगडची स्थानिक सुट्टी पाळली आणि महापेत गोदाम चालू राहिले, तर दोघांचेही बरोबर आहे.

मुंबईची बातमी ठाण्याला लावली की काय होते, त्याचे उदाहरण देतो. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले. मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि राज्याने 29 सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. 2024 ला अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला होती आणि ईदची सुट्टी 16 ला. ती 18 वर नेली, पण फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत. बाकीच्या जिल्ह्यांत 16 कायम राहिली. बातम्यांत आणि फॉरवर्डमध्ये मात्र फिरले एवढेच की "ईदची सुट्टी 18 ला".

माझ्याकडे पगाराचे काम असलेल्या तुर्भ्याच्या एका कंपनीने, जिचे मुख्य ऑफिस मुंबईत आहे, तो निरोप तसाच बोर्डावर लावला. त्यांच्या स्वतःच्या यादीत लिहिले होते, "ईद-ए-मिलाद, शासन जाहीर करेल त्या दिवशी." तुर्भे ठाणे जिल्ह्यात, म्हणजे तो दिवस 16. अकरा कामगार 16 ला आले नाहीत आणि 18 ला कंपनीच बंद. मस्टरमध्ये अकरा जणांचे खाडे पडले आणि पगार कापला गेला. मीच ते पगारपत्रक केले आणि मूळ आदेश उघडून बघितला नाही. पुढच्या महिन्यात एका मुलाने तो आदेश मोबाइलवर माझ्यापुढे धरला आणि खालचा परिच्छेद बोटाने दाखवला. कापलेले पैसे परत केले, पण महिनाभर त्या अकरा घरांत एका दिवसाचा पगार कमी गेला होता. शेवटचा परिच्छेद मी तेव्हापासून मोठ्याने वाचतो.

2025 ला पुन्हा तेच घडले. ईद 5 सप्टेंबरची, मुंबईच्या दोन जिल्ह्यांत ती 8 ला नेली, ठाण्यात 5 च राहिली. त्याच वर्षी मुंबईत गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी शनिवारी आल्यामुळे त्यांच्याऐवजी नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठा गौरी विसर्जन अशा स्थानिक सुट्ट्या दिल्या गेल्या. हेही त्या दोन जिल्ह्यांपुरते. दहीहंडीचा दणका ठाण्यात कितीही मोठा असला, तरी ठाण्याची सुट्टी मुंबईच्या आदेशातून येत नाही. म्हणून तुमच्या यादीत ईदसमोर "ठाणे जिल्ह्यासाठी जाहीर होईल त्या दिवशी" असे स्पष्ट लिहा. दोन्ही ईद आणि मोहरम चंद्रदर्शनावर असतात, तिथे तारीख बदलू शकते ही ओळही टाका.

मतदानाची सुट्टी या सगळ्यांपासून वेगळी आहे आणि तिथे मालकाची मर्जी चालत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 135ब प्रमाणे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामाचाच तिथे अपवाद आहे. मतदारसंघ बघायचा तो कामगाराचा, कंपनीचा नव्हे. 2024 च्या लोकसभेला महापे ठाणे मतदारसंघात, मतदान 20 मे. खारघर-पनवेल मावळ मतदारसंघात, मतदान 13 मे. म्हणजे तुमची सुट्टी 13 ला आणि ऐरोलीत राहणाऱ्या सहकाऱ्याची 20 ला. त्या वर्षी मला किती फोन आले! "सर, आमच्याकडे मतदान 20 ला आहे, मग हिला 13 ला सुट्टी कशाची?" पुढच्या निवडणुकीआधी सगळ्यांचे मतदारसंघ एका कागदावर लिहून घ्या.

अचानक येणाऱ्या सुट्ट्यांचे थोडक्यात. लता मंगेशकर गेल्या तेव्हा 7 फेब्रुवारी 2022 ला राज्याने कलम 25 खाली सार्वजनिक सुट्टी दिली. अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेला 22 जानेवारी 2024 ला दिली. तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आदल्या दिवशी रविवारी खास सुनावणी झाली आणि याचिका फेटाळली गेली. रतन टाटा गेले तेव्हा मात्र 10 ऑक्टोबर 2024 ला शासकीय दुखवटा होता. ध्वज अर्ध्यावर होते, कार्यालये चालू होती. दुखवटा म्हणजे सुट्टी नाही. अशा सुट्टीला तुमचे गोदाम बंद ठेवायचे की नाही, हे मालकांनी ठरवायचे. ठेवले तर तो दिवस ठरलेल्या आठांतून वजा करू नका.

27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा 26 नोव्हेंबरचा संविधान दिन हे साजरे करायचे दिवस आहेत, सुट्ट्या नाहीत. तुमच्या यादीखाली वेगळ्या चौकटीत ते लावले तर छान दिसेल, पण तक्त्यात मिसळू नका, लोक घरी राहतात. मुंबईत 6 डिसेंबरची जी स्थानिक सुट्टी अलीकडे मिळते, तिच्याबाबतही आदेशात ठाण्याचे नाव आहे का ते त्या-त्या वर्षी पाहा.

सार्वजनिक सुट्टी हा हक्क आहे का, असेही कुणी तरी विचारेल. जानेवारी 2022 मध्ये दादरा-नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या सुट्टीवरून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. एखादा दिवस सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर व्हावा असा मूलभूत हक्क कुणाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचा आधार घेऊन तुमच्या मालकांनी आठांत कपात करू नये. ते आठ दिवस कायद्याने दिलेले आहेत, ते कुणाच्या घोषणेवर अवलंबून नाहीत.

शेवटी पैशांचे. औषधांचे काम आहे, 15 ऑगस्टला इस्पितळाची तातडीची मागणी आली तर दोन माणसे बोलवावी लागणार. बोलवा, कायदा अडवत नाही. त्या दिवसाचे वेतन दुप्पट द्यायचे आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या दिवशी बदली सुट्टी द्यायची. दोन्ही द्यायचे, यातले एक नव्हे. त्या महिन्याच्या कमाईची रोजची सरासरी 700 रुपये येत असेल, तर त्या दिवसाचे 1,400 आणि वर एक सुट्टी. बहुतेक ठिकाणी बदली सुट्टी देऊन विषय मिटवतात, कामगारालाही वाटते तेवढेच मिळायचे असते. मस्टरमध्ये त्या दिवशी हजेरी नुसती "ह" लिहू नका. शेजारी "सुट्टीचे काम" असा शेरा आणि बदली सुट्टीची तारीख लिहा, नाहीतर मार्चपर्यंत ती सुट्टी कुणालाच आठवत नाही.

राहिले तुमच्या दारावरचे वॉचमन आणि झाडलोटीच्या बायका. ते कंत्राटदाराचे, म्हणून यादीत नसतात. 1 मे ला, कामगार दिनीच, त्यांचा पगार कापलेला मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कंत्राटाचे नूतनीकरण करताना या आठ तारखा त्यात नावानिशी घाला, सुट्टीला काम केले तर दुप्पट वेतन असेही लिहा, आणि मे महिन्याचे बिल मंजूर करण्याआधी त्याच्याकडून हजेरीपत्रक मागून 1 तारखेचा रकाना बघा.